जुना कोणी ठरवला?

१४ ऑक्टोबर २०२५ च्या सकाळी भोकरदनमधले संगणक आदल्या रात्री चालत होते तसेच चालू झाले. आडतीवरचा हिशोबपट्टी काढत होता, कृषी सेवा केंद्रातला बिलं करत होता, घरातला पोरीच्या प्रोजेक्टची पानं छापत होता. कुठे धूर निघाला नाही, कुठला पडदा काळा पडला नाही. घडलं ते दूर अमेरिकेत. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती त्या तारखेला थांबवली. आणि गावोगावच्या काउंटरवर एक वाक्य सुरू झालं : "जुना झाला आता हा. नवा घ्या."

जुना कोणी ठरवला?

विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ मध्ये आलेला किंवा त्यापुढचा. २०१६ साली घेतलेल्या आय-थ्रीत आठ जीबी रॅम असो, नवी एसएसडी असो, त्याला दारातच अडवतात. त्याचा पंखा चालतो, कीबोर्ड चालतो, बेरीज चुकत नाही. तालुक्याच्या गावात संगणक बऱ्याचदा शहरातल्या कचेऱ्यांतून उतरलेला, सेकंडहँड येतो. तो आपल्या घरात येतो तेव्हाच पाच-सहा वर्षांचा असतो. म्हणजे हा नियम सगळ्यात जास्त आपल्यालाच लागतो. सोयाबीनच्या पैशातून घेतलेली वस्तू कंपनीच्या एका यादीपायी भंगारात घालायची, हे मला मान्य नाही.

मग करायचं काय? त्याच संगणकावर विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी, फुकट ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची. चालू करताना संगणक विचारतो, आज कशात काम करणार? बाणाने निवडायचं, एंटर मारायचं. याला ड्युअल बूट म्हणतात. पंचवीस वर्षांपासून लोक हे करत आलेत. पुण्यामुंबईच्या इंजिनिअरिंग होस्टेलांत ते नेहमीचं आहे. भोकरदनच्या घरात ते अजून पोरखेळ समजलं जातं, आणि खरी गरज इथे आहे.

"विंडोज काढूनच टाका" असं सांगणारे उत्साही लोक असतात. मी त्यांच्यातला नाही. टॅली विंडोजवरच चालतं. डिजिटल सहीची टोकनं, अंगठ्याची मशिनं, टायपिंगच्या परीक्षेचा सराव, डीटीपीवाल्यांचं श्रीलिपी, ही सगळी मंडळी विंडोजला बांधलेली आहेत. कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर अर्ध्या बाजारपेठेत दिसतो; तो लिनक्सवर आणताना घाम फुटतो. टॅली लिनक्सवर चालवण्याच्या युक्त्या आहेत, पण जीएसटीच्या वह्या ज्यात आहेत त्यावर युक्त्या करू नयेत. हिशोब विंडोजमध्येच राहू द्या.

पण दिवसभरात टॅली किती वेळ उघडं असतं? बाकीचा वेळ आपण बातम्या वाचतो, युट्यूबवर कपाशीच्या बोंडअळीवरचा व्हिडिओ बघतो, मेल पाहतो, ऑनलाइन अर्ज भरतो, सातबारा उतरवतो. व्हायरस आत शिरतो तो याच वेळी. ही सगळी कामं लिनक्सवर निर्धोक होतात. म्हणून माझा सल्ला सरळ आहे : इंटरनेट लिनक्समध्ये, हिशोब विंडोजमध्ये, आणि विंडोज उघडली असताना नेट गरजेपुरतंच. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकाला नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्ती देऊ केली आहे. ती जरूर घ्या. पण ती एका वर्षाची मुदतवाढ आहे. उबुंटू या लिनक्सची २४.०४ ही आवृत्ती फुकट आहे आणि तिला २०२९ पर्यंत दुरुस्ती मिळणार आहे. २०१६ च्या त्याच आय-थ्रीवर.

कोणी म्हणेल, विंडोजच्या आतच व्हर्च्युअल मशिन करून लिनक्स चालवावं, एवढा खटाटोप कशाला? ज्याच्याकडे सोळा जीबी रॅम आहे त्याने खुशाल करावं. चार जीबीच्या यंत्रात दोघांना एकाच वेळी जेवायला वाढलं तर दोघंही उपाशी राहतात. ड्युअल बूटमध्ये एका वेळी एकच सिस्टीम जागी असते आणि सगळी रॅम तिची. गरीब यंत्राला हाच मार्ग परवडतो.

आता भीतीबद्दल. प्रत्येक घरात पहिला प्रश्न हाच असतो : डेटा उडेल का?

उडू शकतो. खोटं बोलणार नाही. हार्डडिस्कचे भाग पाडणं म्हणजे दोन भावांत रानाची वाटणी करणं. विंडोजमध्येच डिस्क मॅनेजमेंट उघडून तिच्या हिश्श्यातली पन्नास-एक जीबी जागा मोकळी करायची, आणि त्या मोकळ्या तुकड्यातच लिनक्स टाकायचं. कोणाचा हिस्सा कुठून कुठपर्यंत, याची नोंद डिस्कवर पार्टिशन टेबलमध्ये असते. तोच या रानाचा सातबारा. जुन्या एमबीआर पद्धतीत मुख्य हिस्से चारच पडतात. दुकानदाराने आधीच सी, डी, ई, एफ असे चार पाडून ठेवले असतील तर पाचव्याला जागा असूनही नाव लागत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत ही अडचण नाही, शिवाय नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. जी चूक घरं बुडवते ती वेगळीच आहे. लिनक्स टाकताना एक पर्याय येतो, सगळी डिस्क पुसून टाका. घाईत तिथे टिचकी मारली की लग्नाचे फोटो, टॅलीचा डेटा, सगळं गेलं. म्हणून आधी बाहेरच्या ड्राइव्हवर नक्कल, मग वाटणी. नक्कल नसेल तर लिनक्सचा पेनड्राइव्ह खिशातच ठेवा.

दुसरी गोष्ट वीज. जागा आवळण्याचं काम अर्ध्यावर असताना लाइट गेली तर फाइल सिस्टीम मोडते. शहरातल्या मार्गदर्शकांत हा इशारा एका ओळीत उरकतात. आमच्याकडे तो पहिल्या ओळीत हवा. डेस्कटॉपला यूपीएस नाही, किंवा आहे पण बॅटरी दोन मिनिटांत मान टाकते, तर काम सुरूच करू नका. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून बसा.

तिसरी, बिटलॉकर. अलीकडच्या कित्येक लॅपटॉपांत विंडोज आपणहून डिस्कला कुलूप घालते आणि मालकाला ते ठाऊकही नसतं. चालू होण्याच्या पद्धतीत बदल केला की ती ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज पुरती झोपत नाही, डिस्क स्वतःच्या ताब्यात धरून ठेवते, आणि लिनक्समधून तिच्या हिश्श्यात फाइल ठेवता येत नाही. लोक म्हणतात, "लिनक्समध्ये सेव्हच होत नाही." लिनक्सचा काही दोष नसतो.

घड्याळाचा घोळ तर खास आपला आहे. संगणकाच्या आत बॅटरीवर चालणारं एक घड्याळ असतं. विंडोज त्यात भारतीय वेळ लिहिते. लिनक्स त्यात जागतिक वेळ, यूटीसी, ठेवतं आणि पडद्यावर साडेपाच तास मिळवून दाखवतं. त्यामुळे सकाळी दहाला लिनक्समधून उठून विंडोजमध्ये गेलात की तिथे पहाटेचे साडेचार वाजलेले. घरातले म्हणतात, संगणक वेडा झाला. दुकानदार सेल बदलून पैसे घेतो. सेलचा इथे काही संबंध नाही. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल' नावाची एक आज्ञा आहे, तिने स्थानिक वेळ धरायला सांगितलं की काम झालं. अर्धा मिनिट लागतो. एवढं सांगणारा माणूस गावात नसला की अख्खी व्यवस्था बदनाम होते.

आणि धुरा कोरणारा भाऊ कोण असतो, तेही सांगतो. १३ ऑगस्ट २०२४ ला मायक्रोसॉफ्टने एक सुरक्षा-दुरुस्ती सोडली. जिथे दोन सिस्टीम आहेत तिथे ही लागू होणार नाही, असं सांगितलेलं होतं. प्रत्यक्षात जगभर कित्येकांचं लिनक्स चालू होईना; 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असं बजावून यंत्र बंद पडायला लागलं. सिक्युअर बूट ही चालू होतानाची सुरक्षा-तपासणी तात्पुरती बंद करून वाट काढता येत होती आणि कोणाचा डेटाही त्यात गेला नाही. पण ज्याला हे माहीत नव्हतं त्याने "लिनक्स बेकार" म्हणून ते काढून टाकलं. ज्याच्या हातात पहिला हिस्सा आहे त्याने शेजाऱ्याची जबाबदारी घेतलीच पाहिजे. एवढी मोठी कंपनी, तिला शेजारचा हिस्सा दिसला नाही, हे मी सोडून देणार नाही.

घरातल्या मोठ्यांसाठीही एक गोष्ट करा. चालू करताना येणाऱ्या यादीवर वाट बघण्याचे सेकंद मोजके असतात. आजोबा चष्मा शोधेपर्यंत ते संपतात, भलतीच सिस्टीम उघडते, आणि "पोराने संगणक बिघडवला" म्हणून आरडाओरडा. वेळ वाढवून ठेवा. आणि घरात ज्याचं काम पैशाचं आहे त्याची सिस्टीम पहिल्या नंबरावर ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर लिनक्सला पैसे पडत नाहीत. पडतो तो डेटा. लिनक्स मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास, उबुंटूची त्याच्या जवळपास दुप्पट. मोबाइलचं पॅक रोजचं दीड-दोन जीबीचं. म्हणजे एका दिवसात उतरतच नाही; मध्येच अडकते, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. टॉरंटने उतरवा, जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते. कॅनॉनिकल ही उबुंटूची कंपनी २००५ ते २०११ या काळात मागेल त्याच्या पत्त्यावर फुकट सीडी पोस्टाने पाठवायची. पोस्टमनने दारात आणून दिलेली ऑपरेटिंग सिस्टीम! ती सोय गेली आणि खेड्याचं नुकसान झालं. फायबरवाल्या शहराला ते जाणवलंही नाही. आता हे काम गावातल्या ग्रंथालयाने, कॉलेजाच्या लॅबने करावं. एक पेनड्राइव्ह, त्यात मिंट, मागेल त्याला नक्कल. यात कुठलाही कायदा मोडत नाही. वाटा असं त्याच्या परवान्यातच लिहिलं आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तोही बोलू. तालुक्यातल्या घरांत विंडोज कुठून येते हे सगळ्यांना ठाऊक आहे. "फॉरमॅट मारून देतो, विंडोज टाकून देतो, ऑफिससकट." परवाना कोणी मागत नाही, कोणी देत नाही. कुठल्याशा ॲक्टिव्हेटरने कुलूप तोडलेलं असतं, आणि त्या ॲक्टिव्हेटरसोबत आणखी काय आत आलं हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. पुन्हा कुलूप लागू नये म्हणून अपडेट बंद करून ठेवलेले. त्याच यंत्रावर बाप नेट बँकिंग करतो. मी लोकांना चोर म्हणणार नाही. फुकट आणि कायदेशीर असं काही असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. ज्यांनी सांगायला हवं होतं त्यांच्याकडे माझं बोट आहे.

एमएस-सीआयटी या संगणक कोर्सने २००२ पासून महाराष्ट्राच्या एका पिढीच्या हातात माउस दिला. त्याचं मोल मी कमी करत नाही. पण त्यातून संगणक म्हणजे विंडोज आणि काम म्हणजे वर्ड-एक्सेल, असा समज घट्ट बसला. कॉलेजांत तर काही ठिकाणी आजही टर्बो सी शिकवतात. १९९० च्या सुमाराचं ते निळ्या पडद्याचं सॉफ्टवेअर आजच्या विंडोजवर धड चालत नाही, म्हणून त्याच्यासाठी डॉसचं सोंग घेणारा आणखी एक प्रोग्रॅम टाकायचा! लिनक्सवर जीसीसी हा सीचा आजचा, अस्सल कंपायलर फुकट मिळतो. नोकरीत गेल्यावर पोरांची त्याच्याशीच गाठ पडते. भोकरदनच्या पोराने पुण्याच्या मुलाखतीत "लिनक्सवर काम केलंय का?" या प्रश्नाला मान खाली घालायची, यात त्या पोराची काय चूक?

केरळने सरकारी शाळांत मोकळं सॉफ्टवेअर नेलं, मास्तरांना शिकवलं, परीक्षाही त्यावर घेतल्या. आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. कर्जतजवळ खैराट धनगरवाड्याच्या छोट्याशा शाळेत २००७ साली पोरांच्या हातात ते हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले, 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचे. आत लिनक्स होतं. पुढच्याच वर्षी त्या लॅपटॉपवर विंडोज एक्सपीही चालेल असं जाहीर झालं आणि जगभर वाद पेटला : पोराने आधी काय शिकावं? वाद अमेरिकेत झाला. धनगरवाड्यातल्या पोरांनी मात्र विंडोज न बघता संगणक हाताळून दाखवला होता. 'लिनक्स अवघड' म्हणणाऱ्या शहाण्यांनी हे ध्यानात ठेवावं. सी-डॅकने २००७ मध्येच 'बॉस' नावाचं भारतीय भाषांसह चालणारं लिनक्स काढलं. आपल्या तालुक्यातल्या किती शाळांनी ते लावून पाहिलं? मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे, लिब्रेऑफिसचे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठी आवाजात फुकट आहेत. मास्तरांनी एकदा वर्गात लावून बघावेत.

मराठीची अडचण आहे, लपवत नाही. युनिकोड मराठी लिनक्सवर छान उमटते. लोहित देवनागरी हा फाँट आयताच मिळतो, इनस्क्रिप्टची कळपाटीही असते. पण कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटात केलेली पत्रिका उघडली की अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. तो दोष जुन्या फाँटांचा आहे. ते फाँट नसतील तर विंडोजवरही तेच होतं. नवीन लिहायचं ते युनिकोडमध्येच लिहा. जुनं लागलं की विंडोज शेजारी आहेच. दोन सिस्टीम ठेवण्याचा हाही फायदा.

आमच्या भोकरदनबद्दल एक सांगतो. हे जुनं भोगवर्धन. १९७३ च्या उत्खननात इथे सातवाहनकाळाच्या वस्तू मिळाल्या, हस्तिदंताची देखणी मूर्तीही मिळाली. आणि तिकडे सांचीच्या, भरहुतच्या स्तूपांच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवी शिळा. भिक्षुणी, व्यापारी, कारागीर. ज्याने जे दिलं त्यावर त्याचं नाव. लिनक्स असंच उभं राहिलं आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ते जाहीर केलं. त्यानंतर हजारो लोकांनी एकेक तुकडा घातला, आणि प्रत्येक तुकड्याखाली घालणाऱ्याचं नाव आजही नोंदलेलं आहे. त्यातला मोठा वाटा आता मोठ्या कंपन्यांच्या पगारी माणसांचा असतो, हेही खरं. पण दार बंद नाही. लिनक्सचे मेनू आज अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी दिसतात, कारण भाषांतर पुरं करणारे हात कमी आहेत. बारावीची एखादी भोकरदनची पोरगी उन्हाळ्याच्या सुट्टीत शंभर शब्द मराठीत करू शकते. सांचीला नाव कोरलेल्या गावाला हे जड नाही.

आणि दुकानदारांनो, तुमच्याशी शेवटचं. तुमचं पोट यावर आहे, ते मला कळतं. नवा संगणक विकायला ना नाही. ज्याला हवा त्याला विका. पण जुनं यंत्र घेऊन आलेल्या माणसाला दुसरा रस्ता आहे हे सांगा आणि त्या कामाची मजुरी उघडपणे घ्या. नक्कल काढण्याचे वेगळे, एसएसडी बसवण्याचे वेगळे, लिनक्स टाकून घरच्यांना तासभर शिकवण्याचे वेगळे. लोक देतील, ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला देतातच की. फक्त बिलावर चार गोष्टी लिहून द्या : विंडोज कोणती आहे, तिचा परवाना आहे की नाही, शेजारी दुसरी सिस्टीम कोणती टाकली, आणि दोघींना सुरक्षा-दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आहे.